प्लास्टर सहा आठवड्यांचं, पण हाड भरून येण्यात आपल्या हातात काय असतं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. आईबाबा सेलूला, मी पुण्यात. मागच्या आठवड्यात आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. वय ५८. परभणीला नेलं, हाड जागेवर बसवून प्लास्टर घातलं. ऑपरेशनची गरज नाही, सहा आठवडे प्लास्टर ठेवा, म्हणाले.

आता भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातोय. मामा म्हणतात, मन घट्ट ठेवलं की शरीर आपोआप दुरुस्त होतं, गोळ्या कशाला? शेजारच्या काकू हाडसांधीच्या वेलाचा रस पाज म्हणतात. चुलतभाऊ व्हिडिओ पाठवतो, की रोज सकाळी हाडांशी बोला. आणि आईनं स्वतः मात्र हातपाय गाळलेत. "आता हा हात काई कामाचा राहिला नाही," एवढंच घोकत बसते. जेवण कमी झालंय, रात्री झोप नाही.

डॉक्टरांना विचारलं तर "चांगलंचुंगलं खाऊ घाला" म्हणून पुढचा पेशंट बोलावला. तर प्रश्न असा: शरीर स्वतःला बरं करतं हे मान्य. पण मनाची उभारी आणि रोजच्या सवयी यांचा त्यात खरंच वाटा असतो, की या बोलायच्या गोष्टी? अनुभव सांगा. उपदेशही चालेल, फॉरवर्ड नकोत.

फुकटचा_सल्ला

पहिला! काकूंना लवकर आराम पडो. मामांना विचारा, मन घट्ट करून त्यांनी स्वतःची बीपीची गोळी बंद केली का?

दुधनाकाठ

नाही. ती रोज सकाळी, चहाच्या आधी, न चुकता. :)

तेरणामाई

मी लातूरला फिजिओथेरपी करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न रोज येतो.

प्लास्टर हाड जोडत नाही. ते फक्त हाड हलू देत नाही, जोडणारं शरीरच. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, सूज येते. ती सूज वाईट नाही, दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. मग दोन-तीन आठवड्यांत दोन तुकड्यांच्या मध्ये मऊ, कूर्चेसारखी गाठ धरते. त्यात हळूहळू कॅल्शियम बसतं आणि ती कडक होते. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढतात तेव्हा हाड धरलेलं असतं, पण ते भट्टीत न गेलेल्या विटेसारखं असतं. पक्कं होऊन मूळ आकाराला यायला पुढे कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्याही वर.

आता मनाचं. माझ्याकडं येणाऱ्यांत हाड न जुळलेले थोडे, हात आखडलेले जास्त. प्लास्टर मनगटाला असतं. बोटं, कोपर आणि खांदा मोकळे असतात. ज्या बाईनं "हात गेला" असं धरलं ती बोटंही हलवत नाही. हात पदराखाली गळ्यात अडकवून बसून राहते. प्लास्टर निघतं तेव्हा हाड जुळलेलं, पण मूठ मिटत नाही आणि वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाही. मनाचा वाटा मला तरी इथं रोज दिसतो. हाड मनानं जुळत नाही, पण बोटं हलवायची की नाही ते मनच ठरवतं.

तर आईंना सांगा: दर तासाला मूठ मिटायची-उघडायची, अंगठा प्रत्येक बोटाला लावायचा, खांदा पूर्ण वर न्यायचा. सूज असेपर्यंत बसताना-झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. आणि हे महत्त्वाचं: बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, गोळीनंही न थांबणारी कळ आली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात. तिथं मन घट्ट करून बसायचं नाही.

नांदेडी_गडी

तेरणामाई, शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिवा. आमच्या आज्याचा पाय मोडला तवा गावातल्या हाडवैदाकडं नेलते. कामट्या घालून असं करकचून बांधलं की दुसऱ्या दिवशी बोटं काळी पडूलालती. आजा म्हणूलालता, "दुखूलालंय म्हंजे जुळूलालंय." सगळ्यांनी माना हलवल्या. चुलत्यानं आयकलं नाही, जीपमधी घातलं आन नेलं. पाय वाचला, पण दोन बोटं गेली.

ज्वारीची_भाकर

अरे बापरे! मी खाण्यावर लिहिते. डिंकाचे लाडू, खारीक, अळीव, तिळाची चटणी, आणि रोज ज्वारीची भाकरी. मालदांडीची असेल तर सोन्याहून पिवळं. ज्वारीत भरपूर कॅल्शियम असतं, आपल्या आज्यांची हाडं उगाच लोखंडी नव्हती.

हिशेबी_माणूस

ताई, नाव तुमचं ज्वारीची भाकर, म्हणून भीत भीत लिहितो. ज्वारीत १०० ग्रॅमला कॅल्शियम जेमतेम २५-३० मिलीग्रॅम. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तिळात हजाराच्या घरात, म्हणून तिळाची चटणी मात्र बिनचूक. एवढंच की तीळ कुणी वाटीभर खात नाही, आणि त्यातलं सगळं अंगी लागत नाही. दूध १०० मिलीला साधारण १२०. या वयाच्या बाईला दिवसाला हजार-बाराशे मिलीग्रॅम लागतं. म्हणजे दूध-दह्याला पर्याय नाही.

पण लोक कॅल्शियम-कॅल्शियम करत बसतात आणि प्रथिनं विसरतात. हाडाचा सांगाडा आधी प्रथिनाचा विणला जातो, कॅल्शियम त्यात नंतर बसतं. आपल्याकडं आजारी माणसाला काय देतात? पेज, साबुदाण्याची खिचडी आणि बिस्किटाचा पुडा. तुरीचं घट्ट वरण, शेंगदाणे, मटकी, चालत असतील तर अंडी. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं. आणि आवळा किंवा पेरू रोज, कारण क जीवनसत्त्वाशिवाय ते विणकाम होत नाही.

ज्वारीची_भाकर

बरं बाबा. पण तिळाची चटणी खायची कशाशी? भाकरीशीच ना! मग जिंकले मीच.

हिशेबी_माणूस

मान्य. तंबूत परततो.

मास्तर_निवृत्त

धागाकर्त्याचा प्रश्न मनाबद्दलचा आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. विज्ञान शिकवत होतो, जुनी खोड आहे.

अमेरिकेत ओहायो इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली एक साधा प्रयोग केला. घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि तशाच वयाच्या, तो भार नसलेल्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलीमीटरची सारखी जखम केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. पुढे १९९८ साली दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर तसंच केलं, टाळूला जखम करून. एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळी जखम भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला. सततच्या ताणात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि जखमेच्या जागी जमायला हवी ती शरीराची यंत्रणा ढिली पडते, असा त्याचा अर्थ लावतात.

झोपेचंही तसंच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५३ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण, आठ तास आणि त्यापेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं.

तेव्हा वाटा आहे. हाडांशी बोलून तो मिळत नाही, एवढाच माझा चुलतभावाशी मतभेद.

फुकटचा_सल्ला

मास्तर, परीक्षेच्या वेळी टाळूला जखम! तुमच्या शाळेत ती जखम छडीनं तळहातावर व्हायची. भरायला किती दिवस लागायचे ते मला विचारा.

बिंदुसरा

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण एक बोलू का? मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांची मिळून घेतलेली असते. अशा बाईचं मनगट मोडलं तर तिनं सहा आठवडे उशीवर हात ठेवून बसायचं? एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा धरतात, पैसे कापतात. एका हातानं मोळ्या बांधणारी बाई मी पाहिली आहे. २०१९ साली ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय निघाला, समिती बसली, तेव्हा शहरातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की आमच्या बायका पाळीच्या दिवसांचीही सुट्टी घेऊ शकत नाहीत.

मन घट्ट ठेवा, असं या बायांना कुणी सांगायला जाऊ नका. त्यांच्याइतकं घट्ट मन कुणाचं नसेल. बरं व्हायला त्यांना विसावा लागतो, आणि तो मनातून काढता येत नाही.

धागाकर्ते दादा, रागवून नाही विचारत, पण सेलूत सध्या घरात भाकरी कोण थापतं?

तेरणामाई

बिंदुसरा, +१००. हा प्रश्न मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होता.

दुधनाकाठ

आताच फोन केला. बाबा म्हणाले, "तीच करतीय, डाव्या हातानं थापती, काई अवघड नाही म्हणती." वर भेटायला येणाऱ्यांचा चहाही आईच करते. बाबांना गॅस पेटवता येतो, एवढीच त्यांची स्वयंपाकघराशी ओळख. बहीण जालन्याहून उद्या येतेय, पण तिलाही आठवडाभरच राहता येईल.

जिंतूर_नाका

भेटायला येणारे पाव्हणे हाच आपल्याकडचा खरा आजार. पेशंट पलंगावर, पलंगाभोवती अकरा माणसं, आणि सगळ्यांचं एकच, "अमक्याचा असाच मोडला होता, शेवटपर्यंत वाकडाच राहिला." आमच्या घरी कुणी आजारी असलं की दारात खुर्ची टाकून बसतो आणि म्हणतो, झोप लागलीय आत्ताच. चहा बाहेरच्या टपरीवर.

फुकटचा_सल्ला

जिंतूर_नाका, तुमच्या घरी आजारी पडायला यावं म्हणतो.

कडूलिंब

मास्तरांचा प्रतिसाद आवडला, पण धाग्याचा एकूण सूर पाहून लिहावंसं वाटलं. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. किमो संभाजीनगरला घेतली. उलट्या, केस, तोंड आलेलं, ते सगळं सोसलं. जे सोसवलं नाही ते म्हणजे "पॉझिटिव्ह राहा हं, सगळं मनावर असतं." एकदा रडले तर जाऊबाई म्हणाल्या, अशानं आजार वाढतो. म्हणजे आजार तर मलाच, आणि तो बळावला तर दोषही माझाच! माझ्या वॉर्डात एक बाई होती, सतत हसणारी, सगळ्यांना धीर देणारी. ती राहिली नाही. मी चिडचिड करत, रडत राहिले. तिचं मन कमी पडलं का?

नंतर वाचलं तेव्हा बरं वाटलं. डोकं आणि मानेचा कर्करोग असलेल्या हजाराहून जास्त रुग्णांचा अभ्यास २००७ साली आला होता. मनाची अवस्था चांगली की वाईट, यावरून कोण किती जगेल ते ठरत नाही, असं त्यात निघालं.

बचत गटातल्या बायका मात्र आळीपाळीनं डबा आणायच्या आणि आजाराबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. लग्नं, भांडणं, कापसाचा भाव. त्यानं मी जेवायचे. वजन राहिलं म्हणून किमोचं एकही चक्र पुढं ढकलावं लागलं नाही.

मास्तर_निवृत्त

कडूलिंब ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. जखम उशिरा भरणं वेगळं आणि कर्करोग वेगळा, हे मी लिहायला हवं होतं. त्यातही ओहायोच्या त्या बायकांना 'आनंदी राहा' सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या डोक्यावरचा भार कुणी वाटून घेतला असता तर फरक पडला असता. बिंदुसरा म्हणतात तेच.

गोदातीरी

विषयाला थोडा फाटा. १९८४ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा एक अभ्यास आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. काकूंचा पलंग अंगणाकडं तोंड करून ठेवा. कोवळं ऊनही मिळेल.

नांदेडी_गडी

लातुरात २०१६ ला खिडकीतून मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे दिसली असती तर पेशंट उड्या मारत घरी गेले असते.

तेरणामाई

नको ती आठवण. तेव्हा माझ्याकडं कंबर आणि खांदे घेऊन येणाऱ्या बायांची रांग लागायची, घागरी आणि कॅन उचलून उचलून.

ओपीडी_खोली_४

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. इतक्या प्रतिसादांत दोन गोष्टी कुणीच विचारल्या नाहीत.

एक, आईंना शुगर आहे का? तपासली नसेल तर तपासा, तीन महिन्यांच्या सरासरीचीही. साखर वाढलेली असेल तर जखम आणि हाड दोन्ही रेंगाळतात, मग मन कितीही घट्ट असो. आमच्याकडं पायाच्या जखमा घेऊन लोक येतात. हळद, चुना, कुणी तर शेण भरून. मधुमेहात पायाची संवेदनाच गेलेली असते, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून बरं होतंय असं वाटतं.

दोन, आई मिसरी लावतात का? राग मानू नका. आपल्याकडं घरोघरी आहे आणि कुणी तंबाखूत मोजत नाही. डॉक्टरनं "तंबाखू खाता का?" विचारलं की बाया नाही म्हणतात, खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी मिसरी म्हणजे दात घासायची वस्तू. पण निकोटिन तेच. बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हाड बनवणाऱ्या पेशींना रसद पोहोचत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही, हे आम्ही कायम बघतो.

क्षयरोगाच्या पेशंटलाही हेच सांगावं लागतं: गोळ्या पूर्ण आणि पोटभर जेवण, दोन्ही. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २०२३ साली आला, रुग्णाच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर त्यांच्यात नव्यानं क्षयरोग होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. औषध न देता, डाळ-तांदूळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी. सरकार आता रुग्णाला महिन्याला हजार रुपये देतं पोषणासाठी, आधी पाचशे होते. ते घेत जा, लाजू नका.

दुधनाकाठ

ओपीडी सर, साखर नॉर्मल आहे, परभणीलाच तपासली होती. मिसरी... लावते. सकाळी, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री झोपताना. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं होतं आणि आई ठामपणे नाही म्हणाली होती, मी शेजारीच उभा होतो. ती तंबाखू असते हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

ज्वारीची_भाकर

माझ्या सासूबाईंची सुटली. डबी लपवून नाही, भांडण होतं. बडीशेप-ओवा भाजून त्याच डबीत भरून दिला. दोन-तीन आठवडे डोकं दुखणं, चिडचिड, सगळं झालं. मग एक दिवस स्वतःच म्हणाल्या, त्या वासानं मळमळतं.

ओपीडी_खोली_४

छान उपाय. रात्रीची आधी बंद करा. निकोटिन झोपही उडवतं. काकूंना झोप नाही म्हणालात ना? वेदनेची दिलेली गोळी त्या घेतात का, तेही बघा. मामांचं ऐकून सोडली असेल.

दुधनाकाठ

सोडली होती. :( आज बहिणीनं दिली, शांत झोपली म्हणे.

मांजराकाठ

कुणी हाडसांधीच्या वेलाबद्दल बोललंच नाही. चालतो का?

तेरणामाई

थोडेफार अभ्यास झालेत, फार मोठे नाहीत. आमटीत-चटणीत घालून खायची जुनी पद्धत आहे, त्याला माझी हरकत नाही. कच्चा रस नको, तोंड-घसा खाजून सुजतो. आणि प्लास्टर कापून वरून लेप तर अजिबात नको. हसू नका, तसे दोन पेशंट पाहिलेत.

दुधनाकाठ

बऱ्याच दिवसांनी आलो, माफ करा. प्लास्टर निघालं. एक्स-रे पाहून डॉक्टर समाधानी आहेत. बहीण गेल्यावर समोरच्या वहिनींना पैसे देऊन भाकरीचं लावलं. आई आधी "लोक काय म्हणतील" म्हणाली, आता त्या बाईच्या भाकरीला नावं ठेवते, त्यावरून तब्येत सुधारली असं समजतो. बाबा चहा करतात, साखर जास्त पडते. बोटांचे व्यायाम टीव्हीवरच्या मालिकेच्या जाहिरातीत करायचे असं ठरवलं होतं, ते झाले. मिसरी सकाळची एक राहिली आहे.

पण मनगट अजून वळत नाही, सूज आहे, आणि "बघ, म्हटलं नव्हतं?" पुन्हा सुरू झालंय. गावातली एक बाई तेलानं चोळून देते म्हणते. चोळू द्यावं का?

तेरणामाई

जोरात चोळणं, ओढणं, झटका देणं नको. हलक्या हातानं तेल लावलं तर चालेल. कोमट पाण्यात हात बुडवून पाण्यातच मनगट वर-खाली, मग तळवा आकाशाकडं-जमिनीकडं. ओला टॉवेल पिळायला द्या. भाकरी थापायची घाई नको, कणीक मळायला अजून अवकाश आहे, घागर तर नकोच. आखडणं या टप्प्यावर सगळ्यांचंच असतं, हे त्यांना स्पष्ट सांगा. कुणी सांगितलेलं नसतं म्हणून घाबरतात. परभणीत फिजिओथेरपी मिळेल, चार-सहा वेळा तरी न्या.

आणि उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडलं म्हणजे हाडांची घनता तपासून घ्या. ड जीवनसत्त्वही. आज मनगट आहे, पुढच्या वेळी खुबा नको. न्हाणीतली फरशी बदलता आली तर आधी ती बदला.

जिंतूर_नाका

फरशी नाही तर निदान खरखरीत पट्ट्या चिकटवा. आमच्याकडं तेच केलं, दोनशे रुपयांत काम झालं.

औंढा_रोड

धागा छान. माझ्या मेहुण्याचं गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, तो योगानं बरं करतो म्हणतो. इथंच विचारू की नवीन धागा काढू?

फुकटचा_सल्ला

नवीन काढा. आणि शीर्षकात 'मेहुणा' टाका, प्रतिसाद जास्त येतात.